राजेहो, बाजार कागदावर भरत नाही: शहराचं डिझाइन करणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

हे पत्र नागपुरातले चौक, बाजार, फूटपाथ, बगीचे, बसस्टॉप असलं सगळं कागदावर काढणाऱ्या लोकांना आहे. आर्किटेक्ट, इंजिनिअर, अर्बन डिझाइनवाले, पुण्या-दिल्लीत बसून आपल्या शहराचे नकाशे पाठवणारे कन्सल्टंट, अन् ते नकाशे मंजूर करणारे साहेब-मॅडम लोकही. मी तुमच्यातलीच आहे, सोळा वर्षं झाली हेच काम करून राहिले, त्यामुळे "बाहेरून बोलायला काय जातं" असं मला कोणी म्हणायची सोय नाही. अन् पहिली चूक माझीच सांगते, म्हणजे पुढं बोलायला मी मोकळी.

काही वर्षांपूर्वी एका लेआउटमधल्या (म्हणजे प्लॉट पाडलेल्या वस्तीतल्या) भाजीबाजाराचं काम आमच्याकडं आलं. रस्त्याच्या कडेला पंचवीस-तीस वर्षांपासून बाया अन् भाऊ लोक बसतात, संध्याकाळी ट्रॅफिक तुंबते, तक्रारी होतात, म्हणून मागच्या गल्लीतल्या मोकळ्या प्लॉटवर "व्यवस्थित" बाजार करून द्यायचा. मी मन लावून काढलं बरं का. ६४ ओटे, आठ रांगा, एकेक ओटा ६ बाय ४ फुटांचा, वर पत्र्याचं शेड, मधून चालायला जागा, दोन नळ, कचऱ्याचा कोपरा. थ्रीडी चित्र तर असं झालं होतं की माझ्या आईनं फोनवर सगळ्या नातेवाइकांना पाठवलं. त्या चित्रातली बाई हातात कागदी पिशवी घेऊन हसत चाललीय अन् आजूबाजूला एक स्कूटर नाही, एक कुत्रं नाही, हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही. यादी झाली, फोटो काढले, लॉटरी निघाली, अगदी प्रामाणिकपणे निघाली, कोणाचा वशिला नाही. फीत कापली. तिसऱ्या आठवड्यात ११ ओट्यांवर माणसं होती अन् दोन महिन्यांनी एकही नाही, सगळे परत रस्त्यावर. ओट्यांवर कुत्री झोपायला लागली, मग स्कूटरी लागल्या, मग एका मंडपवाल्यानं बांबू आणून टाकले.

सगळे म्हणाले, या लोकांना शिस्तच नाही. मी पण म्हणाले. खोटं काऊन बोलू.

मग एकदा आमचं बिल अडकलं होतं अन् त्यासाठी जागेचे फोटो पाहिजे होते म्हणून गेले (कळवळा वगैरे काही नव्हता), ऊन उतरलेलं नव्हतं म्हणून एका सांभारवाल्या मावशीच्या छत्रीखाली टेकले. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडं कोथिंबिरीला सांभार म्हणतात. मावशी म्हणाली, "मॅडम, ओटे तर छान बांधले तुम्ही, पण आमची माणसं फोडली ना." मी म्हटलं म्हणजे काय. मग तिनं जे सांगितलं ते माझ्या पाच वर्षांच्या कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं.

सांभार कोणी मुद्दाम घ्यायला जात नाही. भाजी घेऊन झाली की जाता जाता सांभार, मिरच्या, लिंबू. म्हणजे तिला टमाट्यावाल्याच्या अन् पालेभाजीवालीच्या बाजूलाच बसावं लागतं. लॉटरीत तिला निघाला ५२ नंबर, सातवी रांग, शेजारी आलू-कांदे, अन् आलू-कांदेवाल्याकडं गिऱ्हाईक आठवड्यातून एकदा येते. दुसरं, त्या पाच जणी मिळून पहाटे कॉटन मार्केटमधून, म्हणजे भाजीच्या ठोक बाजारातून, एका छोट्या हत्तीत (छोट्या टेम्पोत) माल आणतात, भाडं वाटून घेतात. एकीकडं सुट्टे असतात, एकीकडं जास्तीचा काटा, एकीची पोरगी शाळेतून आली की सगळ्यांच्या पोरांना पाहते, एक उठून गेली की दुसरी तिचाही माल विकते. पाची जणींना लॉटरीनं पाच रांगांमध्ये टाकलं. माणसं तीच, माल तोच, ओटे तर आधीपेक्षा चांगले, पण मधले धागे तुटले अन् बाजार मेला. अन् वरून गिऱ्हाईक. ऑफिसातून घरी जाणारा माणूस सहा-साडेसहाला डाव्या हाताला गाडी लावतो, खाली न उतरता "पाव किलो भेंडी दे" म्हणतो अन् जातो. माझा बाजार गल्लीत वळून उजवीकडं होता. शेवटचं सांगायला तर लाजच वाटते, रांगा पश्चिमेला उघड्या होत्या. मी नागपूरची. मे महिन्यात ४५ डिग्रीच्या गावात संध्याकाळी पाचचं ऊन सांभारावर पडलं तर त्या जुडीचं काय होते हे माझ्या आजीनंही सांगितलं असतं.

घरी येऊन मी वाचायला बसले, अन् कळलं की हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही, यावर ७५ वर्षांपासून लोक डोकं लावून राहिले. वॉरन वीव्हर नावाचा अमेरिकन गणितज्ञ होता, त्यानं १९४८ मध्ये एका लेखात प्रश्नांचे तीन प्रकार सांगितले. मी आपल्या कॅरमवर सांगते. एक स्ट्रायकर, एक सोंगटी, कुठं जाईल ते गणितानं काढता येते, हा साधा प्रश्न. आता समजा बोर्डावर लाखो सोंगट्या आहेत अन् सगळ्या वाट्टेल तशा धडकून राहिल्या, तर एकेकीचं सांगता येत नाही पण सरासरी सांगता येते, इन्शुरन्स कंपन्या त्यावरच चालतात. हा दुसरा प्रकार. पण मधे एक तिसरा आहे. सोंगट्या फार नाहीत, साठ-सत्तरच आहेत, पण त्या एकमेकींना ओळखतात, एक हलली की तिच्याकडं पाहून दुसरी जागा बदलते, तिच्यामुळं तिसरी. इथं ना पहिलं गणित चालते ना सरासरी. वीव्हरनं त्याला संघटित गुंतागुंत म्हटलं, अन् १९६१ मध्ये शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्स या बाईनं आपल्या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात सरळ लिहिलं की शहर हा या तिसऱ्या प्रकारचा प्रश्न आहे, अन् प्लॅनिंगवाले त्याला पहिल्या नाहीतर दुसऱ्या प्रकारचा समजून सोडवत बसलेत.

मी काय केलं होतं? ६४ गुणिले २४ चौरस फूट. पहिला प्रकार. अन् लॉटरी म्हणजे दुसरा प्रकार, सगळे विक्रेते सारखेच धरून चाललं तरच लॉटरी न्यायाची ठरते ना.

आपल्या मराठीत यासाठी दोन शब्द आधीच आहेत अन् आपण ते एकाच अर्थानं वापरून टाकतो. एक किचकट, एक गुंता. वर्धा रोडवरचा डबलडेकर पूल किचकट आहे, खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल, त्यावर मेट्रो, ३.१४ किलोमीटर, २०२२ मध्ये गिनीज बुकात नाव गेलं. भारीच काम आहे, मला त्याखालून जाताना अजूनही मान वर करून पाहावंसं वाटते. पण तो पूल तुम्ही पाहून राहिले म्हणून आपलं वागणं बदलत नाही. खांबाला राग येत नाही, गर्डर शेजारच्या गर्डरशी भांडून दुसरीकडं जाऊन बसत नाही. भाजीबाजार बदलते. किचकट गोष्ट नीट डिझाइन केली की संपते, गुंता संपत नाही, तुम्ही एक टोक ओढलं की दुसरीकडं गाठ बसते. माझं म्हणणं एवढंच आहे की आपण पूल बांधायच्या पद्धतीनं बाजार बांधून राहिलो, त्याच टेंडरनं, त्याच टप्प्यांनी, त्याच कंप्लिशन सर्टिफिकेटनं.

क्रिस्टोफर अलेक्झांडर या आर्किटेक्टचं मला म्हणूनच कौतुक वाटते. या माणसानं गुजरातमधल्या एका खेड्याचा अभ्यास करून गावाच्या १४१ गरजांची यादी केली अन् गणितानं त्यांचे गट पाडून गावाचं डिझाइन कसं निघेल ते १९६४ मध्ये मांडलं. अन् पुढच्याच वर्षी त्यानं लिहिलं की शहर झाडासारखं नसते. म्हणजे खोड, खोडाला फांदी, फांदीला डहाळी, प्रत्येक पानाचा एकच बाप, असं शहर कागदावर छान दिसते पण जिवंत शहरात एकच पान चार फांद्यांवर असते. त्याच्या उदाहरणांत चंदीगडही आहे. माझी सांभारवाली मावशी पाहा ना, ती एकाच वेळी पालेभाजीच्या गटात, छोट्या हत्तीच्या गटात, पोरं सांभाळायच्या गटात अन् डाव्या हाताच्या गिऱ्हाइकाच्या गटात. मी तिला "रांग ७, ओटा ५२" केलं.

आणि हे बाजारापुरतंच नाही. सिमेंट रोडचं घ्या. रस्ता एकेकटा पाहिला तर मजबूत, टिकाऊ, खड्डे नाहीत. जुन्या डांबराच्यावर तो चढला, दीड-दोन फूट उंच झाला, अन् माझ्या आत्याचं घर होतं तिथंच राहून खड्ड्यात गेलं. तिनं मग फाटकासमोर उंबरा बांधला, तर पाणी शेजाऱ्याकडं गेलं, शेजाऱ्यानं अंगण भरून टाइल लावली, तर जे पाणी मुरत होतं तेही आता गल्लीत येते. चार जणांनी चार बरोबर गोष्टी केल्या अन् गल्लीचं तळं झालं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्यावर पाऊस पडला, अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी घरांमध्ये घुसली, माणसं गेली. पाऊस अफाट होता हे खरंच आहे. पण पाणी कोणाच्या वॉर्डाच्या हद्दी पाहून येत नाही, ते लेव्हल पाहून येते, अन् लेव्हल आपण तुकड्या-तुकड्यानं, एकमेकांना न विचारता, बदलत आणल्या. कुठल्याही एका ड्रॉइंगमध्ये चूक दाखवा म्हटलं तर सापडणार नाही, हीच तर गोची आहे.

ट्रॅफिकमध्ये तर हे गणितानं सिद्ध झालेलं आहे. डिट्रिश ब्राएस नावाच्या जर्मन गणितज्ञानं १९६८ मध्ये दाखवलं की असं होऊ शकते की तुम्ही जाळ्यात एक नवा रस्ता वाढवता अन् सगळ्यांचाच वेळ वाढतो, कारण प्रत्येकजण आपापल्या सोयीचं पाहून तिकडंच वळते. कोणी मूर्ख नाही, सगळे हुशारच आहेत, अन् म्हणूनच अडकतात. प्रत्येक नव्या रस्त्यानं होतेच असं नाही, पण रस्ता काढायच्या आधी हे तपासून तर पाहाल ना बाप्पा.

आता इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग काय डिझाइनच करू नका का, लोक आपलं आपण पाहून घेतील. नाही. मला त्या दुसऱ्या टोकाच्या लोकांचाही तेवढाच राग येते. मुंग्यांचं सिमुलेशन दाखवायचं, पक्ष्यांचा थवा दाखवायचा, तीन नियमांतून बघा कसं सुंदर उगवून येते म्हणायचं अन् चहाला निघून जायचं. आपोआप उगवून येणारं सगळंच चांगलं असते हे कोणी सांगितलं? थॉमस शेलिंग नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९७१ मध्ये दाखवलं होतं की माणसांना शेजारी थोडेसेच आपल्यासारखे लोक पाहिजे असले, कोणाच्या मनात फार वाईट नसलं, तरी सगळी वस्ती हळूहळू वेगळ्या-वेगळ्या तुकड्यांत फाटते. कोणी ठरवलेलं नसते तरी. नागपुरात भाड्यानं घर शोधलं असेल त्यांना हे सांगायची गरज नाही. अन् संध्याकाळी सातला बर्डीच्या (सीताबर्डी बाजाराच्या) मेन रोडवर फिरून या, आपोआप काय काय उगवते ते दिसते.

म्हणजे कुठं घट्ट धरायचं अन् कुठं सैल सोडायचं, खरं डिझाइन हे आहे. याचं मला माहीत असलेलं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच शहरात दरवर्षी होते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, दोन-तीन दिवस एक वेगळं शहरच उभं राहते. पाणी, शौचालय, दिवे, दवाखाना, गाड्या कुठून वळवायच्या, हे आधी ठरलेलं असते, अन् ते घट्टच पाहिजे. पण कोण कुठं भोजनदान करेल, पुस्तकांचे स्टॉल कसे फुलतील, कोणत्या गावची मंडळी कोणत्या झाडाखाली दरवर्षी भेटतील, हे कोणी ड्रॉइंगमध्ये काढत नाही. वर्षानुवर्षं येऊन येऊन लोकांनीच ते बसवलंय. मी दोन वर्षं तिथं नुसती वही घेऊन फिरले. आमच्या कुठल्याही मास्टरप्लॅनपेक्षा जास्त शिकले.

आपल्या गावाची नावंच पाहा ना. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शनिवारी. बाजाराच्या दिवसांवरून वस्त्यांना नावं पडलेलं हे शहर. अन् इतवारीत सराफा वेगळा, किराणा ओळ वेगळी, भांडे वेगळे, हे सोबत बसण्याचे फायदे लोकांनी स्वतः शोधून काढले. अन् आपण त्या गावात बाजाराला जागा "अलॉट" करतो.

सरकारी कायद्याला आपल्यापेक्षा जास्त अक्कल आहे, हे म्हणायची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं. २०१४ चा फेरीवाल्यांचा कायदा उघडून पाहा, त्यात "नैसर्गिक बाजार" अशी व्याख्याच आहे, जिथं विकणारे अन् घेणारे पूर्वापार जमत आले ती जागा. अन् शहराच्या फेरीवाला समितीत किमान ४० टक्के लोक फेरीवाल्यांनी निवडून दिलेले पाहिजेत असंही आहे. आमच्या प्रोजेक्टच्या फाइलमध्ये या कायद्याचं नाव दोनदा होतं. दोन्हीदा संदर्भ म्हणून, पान उलटून पुढं.

होर्स्ट रिटेल अन् मेल्विन वेबर या डिझाइन अन् प्लॅनिंगच्या दोन प्राध्यापकांनी १९७३ मध्ये अशा गुंत्याच्या प्रश्नांची दहा लक्षणं लिहिली. त्यातली तीन मी ऑफिसच्या भिंतीवर लावली आहेत. एक, या प्रश्नांना "संपलं" असं नसते, आपण थांबतो ते पैसे संपतात किंवा वेळ संपते म्हणून. दुसरं, इथं केलेला प्रत्येक प्रयोग खराच असते, खोडरबर नाही. अन् तिसरं, प्लॅनरला चुकायचा हक्क नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते फार कठोर वाटलं होतं. मग आठवलं की माझ्या चुकीचे दोन महिने मावशीनं भरले होते, मी नाही. माझं बिल तर निघालं.

म्हणून आता जे मागायचं ते मागते. काँक्रीट ओतायच्या आधी सहा आठवडे चुना, बांबू अन् ताडपत्री. चुन्याची रेघ चुकली तर पावसानं जाते, ओटा चुकला तर जेसीबी लागते, एवढं साधं आहे, अन् सहा आठवडे त्यातले निदान दोन तरी उन्हाळ्याचे पाहिजेत. दुसरं, लॉटरी काढायचीच असेल तर माणसांची नका काढू, टोळक्यांची काढा. ज्यांना सोबत बसायचं त्यांनी आपला पाच-सात जणांचा गट सांगावा अन् चिठ्ठी गटाची निघावी, न्याय तेवढाच राहते अन् धागे तुटत नाहीत. अन् तिसरं, जे ऐकून माझ्याच धंद्यातले लोक मला मारायला येतील: डिझाइनच्या फीमधला काही हिस्सा वर्षभर राखून ठेवा. फीत कापल्यावर तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, एक उन्हाळा अन् एक पावसाळा गेल्यावर आम्ही परत येऊन बसावं, काय बदललं ते लिहावं, चूक दुरुस्त करावी, मग बाकीचे पैसे. अन् टेंडर काढणाऱ्या साहेबांनी दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम आधीच धरून ठेवावी, कारण आत्ता असं आहे की चूक कबूल केली तर ऑडिटवाला विचारते, अन् नाही केली तर कोणीच विचारत नाही. अशा नियमात कोण शहाणा चूक कबूल करेल?

आमच्या बाजाराचं पुढं काय झालं म्हणाल, तर फार काही भारी झालं नाही. बजेट नव्हतं. मी, ऑफिसमधली दोन पोरं अन् मावशीची टोळी, एका रविवारी सकाळी रस्त्याच्या डाव्या कडेला फक्त चुन्यानं २२ जागा आखल्या, मधे मधे गाडी थांबायला खाचा सोडल्या. पहिल्या आठवड्यात लोकांनी त्यातल्या सात जागा आपल्या मनानं सरकवल्या. आम्ही रेघा पुसून नव्यानं मारल्या. तिसऱ्या आठवड्यात दोन शहाळेवाले उगवले ज्यांचा कोणीच विचार केला नव्हता, त्यांच्यासाठी गाड्या थांबायला लागल्या अन् परत तुंबलं, मग टोळीनंच त्यांना शेवटच्या टोकाला पाठवलं, भांडून. ट्रॅफिक कमी झाली का? थोडी. पावसाळ्यात चुना गेला अन् परत मारायला कोण हा वाद अजून चालू आहे. मागच्या गल्लीतले ओटे रिकामेच होते, आता त्यातल्या दोन रांगांवर रात्री माल झाकून ठेवतात, म्हणजे माझं डिझाइन शेवटी गोदाम म्हणून पास झालं.

तुमच्यापैकी कोणाला पाहायचं असेल तर या. बुधवारी या, त्या दिवशी गर्दी जास्त असते, साडेपाचच्या आत पोहोचा म्हणजे ऊन कुठं पडते तेही दिसेल. लॅपटॉप नका आणू, टोपी आणा. मावशीची ओळख करून देईन. फक्त सांभार फुकट मिळेल असं समजू नका, भाजीसोबत दोन काड्या टाकायची पद्धत होती पण आजकाल ती माझ्याकडूनही अख्ख्या जुडीचे पैसे घेते.

तुमचीच,
६४ ओट्यांवाली
नागपूर